चिल्लर ठेवा हो, गाडी धुणाऱ्यांनो!



वारासिवनीला एका लग्नाला जाऊन आलो आणि आमच्या जुन्या गाडीला गुडघाभर चिखल लागला. धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता, त्यात आदल्या दिवशी पाऊस. घरी आल्यावर सौ.नं फर्मान काढलं, "ही गाडी अशी दारात उभी ठेवू नका, धुवून आणा." पूर्वी अंगणात दोन बादल्या पाणी घेऊन मीच धूत होतो. आता कंबर ऐकत नाही. म्हणून गावाबाहेरच्या एका वॉशिंग सेंटरवर गेलो. त्या तासाभरात जे झालं त्यावरून डोक्यात बरेच विचार आले, ते तुमच्यापुढे मांडतो. विषय छोटा आहे, चिल्लरचा. पण माझा सगळा जन्म बँकेत गेला, त्यामुळे मला तो छोटा वाटत नाही.

पाटीवर लिहिलं होतं, गाडी धुलाई २५० रुपये. पोरानं फेस लावून, फवारा मारून गाडी चकाचक केली. काम चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मी खिशातून शंभराच्या दोन नोटा आणि दहाची पाच नाणी काढून दिली. बरोबर अडीचशे. पोरानं नोटा घेतल्या आणि नाणी परत केली. "बाबूजी, दस का सिक्का नहीं चलता. स्कैनर मार दो."

मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. मग मी पाचशेची नोट काढली. "छुट्टा नहीं है, बाबूजी." म्हणजे नाणं चालत नाही, नोटेला मोड नाही आणि फोन जवळ नाही. गाडी धुतलेली, किल्ली त्याच्या खिळ्यावर टांगलेली आणि मी तिथे खिशात पैसे असून उधारीवाल्यासारखा उभा.

तेवढ्यात एक ऑटोवाला आला. त्याची हातात धरायची छोटी कापडी थैली होती, त्यात सगळी दहाची नाणी आणि मळक्या दहा-वीसच्या नोटा. त्यालाही तेच उत्तर मिळालं. तो म्हणाला, "सवारी देती है तो मैं लेता हूँ. फिर मैं कहाँ दूँ?" आणि ऑटो न धुताच निघून गेला. त्याच्या ह्या प्रश्नाचं उत्तर तिथे कोणाजवळच नव्हतं.

शेवटी मालक आला. फार अदबीनं बोलला. "अंकलजी, पाँच सौ रख दो, अगली बार दो धुलाई हो जाएगी, एक तो फ्री समझो." फ्री कसली? माझेच अडीचशे त्याच्याकडे राहिले! सदतीस वर्षं लोकांच्या ठेवी गोळा केल्या आणि म्हातारपणी मी स्वतःच एका वॉशिंग सेंटरचा बिनव्याजी ठेवीदार झालो. घरी येऊन हे सांगितलं तर सौ. पोट धरून हसली.

हसण्यावारी नेलं तरी मुद्दा राहतोच. दहाचं नाणं "चालत नाही" हे कोणी ठरवलं? रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दहाची नाणी वेगवेगळ्या नक्षीची असली तरी सगळी खरी आहेत. तेव्हा अशा १४ प्रकारच्या नक्षी चलनात होत्या. रुपयाचं चिन्ह असलेलं नाणं खरं आणि चिन्ह नसलेलंही खरं, कारण ते चिन्ह नाण्यांवर आलंच २०११ पासून. त्याच वर्षीच्या नाण्यांच्या कायद्यात लिहिलं आहे की एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. पन्नास पैशाचं नाणंसुद्धा दहा रुपयांपर्यंत. बंद झाली ती चार आण्याची आणि त्याखालची नाणी, ३० जून २०११ पासून. बाकीची अफवा. एक दुकानदार घेत नाही म्हणून दुसरा घेत नाही, आणि दुसरा घेत नाही म्हणून पहिला. ह्या चक्रात ऑटोवाल्याची थैली तेवढी जड होत जाते.

आमच्या आजीला मोडीचं गणित शाळा न शिकता येत होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी लहान होतो, पण घरातली वादावादी आठवते. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस. भाजीवालीकडून एकेक आण्याची भाजी चारदा घेतली तर चोवीस पैसे, एकदम चार आण्याची घेतली तर पंचवीस. आजी म्हणे, "मग मी चारदाच घेईन!" आणि खरोखर टोपली घेऊन चारदा उठत असे. एका नव्या पैशासाठी हो! आज आपण तिला हसू, पण तिला प्रत्येक नाण्याची किंमत माहीत होती.

पुढे मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि चिल्लरची दुसरी बाजू पाहिली. १९९० च्या दशकात चिल्लरची टंचाई होती हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. दुकानदार सुटे म्हणून गोळ्या द्यायचे, फाटक्या एक-दोनच्या नोटा प्लास्टिकमध्ये घालून फिरायच्या. त्या काळात सरकारला परदेशी टांकसाळींतून नाणी पाडून आणावी लागली होती. बँकेत नाण्यांची पिशवी आली की व्यापारी दुपारपर्यंत ती संपवून टाकत. मग काही वर्षांत सगळं उलटं झालं. नाणी इतकी झाली की ती परत घ्यायला कोणी तयार होईना. आम्ही बँकवालेसुद्धा.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. आजपर्यंत ती घरातसुद्धा सांगितली नव्हती.

मी जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत होतो. मार्च महिना, वर्षअखेर. एक चहावाला एक-दोनच्या नाण्यांच्या दोन पिशव्या घेऊन आला. अठराशेच्या आसपास रक्कम असेल. रोखपालानं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "आता मोजायला वेळ नाही, एप्रिलमध्ये या." खरं तर नाणी घेणं हे आमचं कामच होतं. एक-दोनची नाणी वजनावर घेता येतात, शंभर-शंभराच्या पुड्या बांधून आणा असं ग्राहकाला सांगता येतं, ह्यासाठी रस्ते आहेत. पण मी सरळ "नंतर या" म्हणालो. माणूस काही बोलला नाही. पिशव्या उचलून निघून गेला. नंतर कळलं, त्यानं ती नाणी बाजारात एकाला दिली आणि शंभरामागे दहा रुपये कापून घेतले गेले. एकशे ऐंशी रुपये. त्या दिवसांत त्याच्या दोन दिवसांच्या कमाईइतके असतील. आमच्या शाखेत त्याचं आवर्ती ठेवीचं खातं होतं, ते त्यानं मुदत संपल्यावर पुन्हा उघडलं नाही.

वॉशिंग सेंटरवर माझी नाणी परत आली तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. त्यामुळे त्या पोरावर मला रागावता आलं नाही.

आता दुसरीकडे लोक काय करतात ते सांगतो. २०१४ साली लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. जावईबापूंनी एका रविवारी गाडी धुवायला नेलं. तिथे आपली गाडी आपणच धुवायची. आडोशाच्या भिंती, वर छप्पर, भिंतीवर एक पेटी. पेटीत पाव डॉलरची नाणी टाकायची, त्यांना ते क्वार्टर म्हणतात. नाणी टाकली की फवारा सुरू. चकती फिरवून साबण, पाणी, पॉलिश निवडायचं. मिनिटं संपली की फवारा बंद. आमची मिनिटं नेमकी साबण लावून झाल्यावर संपली! गाडी फेसात बुडालेली आणि जावईबापूंच्या खिशात एकही क्वार्टर नाही.

पण शेजारीच भिंतीत दुसरं यंत्र होतं. त्यात पाच डॉलरची नोट सरकवली, तर खणखण करत वीस क्वार्टर खाली पडले. मला त्या यंत्राचं फार कौतुक वाटलं. तिथे एकही माणूस नव्हता, पण मोड द्यायची सोय होती. आमच्या सेंटरवर चार माणसं होती आणि मोड नव्हती. मात्र त्या यंत्रालाही खोड होतीच. एकदा नोट मोडली की क्वार्टरांची पुन्हा नोट करून मिळत नाही. उरलेले क्वार्टर लेकीच्या स्वयंपाकघरातल्या बरणीत गेले. बरण्या सगळीकडे सारख्याच!

कोणी म्हणेल, काका, जग डिजिटल झालं, तुम्ही चिल्लर काय धरून बसलात? मी यूपीआयच्या विरुद्ध मुळीच नाही. २०१६ मध्ये ते आलं आणि दोन वर्षांत मी शिकलो. विजेचं बिल, गॅस, औषधं, सगळं फोनवर देतो. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे देण्याची सोयही मार्च २०२२ पासून आहे. चांगलीच गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की तो एक रस्ता आहे, एकमेव रस्ता नाही. फोन बंद पडतो, नेटवर्क जातं, बँकेचं सर्व्हर बसतं. आपल्या जिल्ह्यात जंगलपट्टीतून बाजाराला येणाऱ्या माणसाच्या हातात अजून नोट आणि नाणंच असतं. त्याला "स्कॅन करा" म्हणणं म्हणजे "तुम्ही येऊ नका" म्हणणं.

ज्यांचा असा धंदा आहे किंवा ज्यांच्या मुलांनी असा धंदा काढला आहे, त्यांच्यासाठी जुन्या बँकवाल्याच्या चार गोष्टी. पहिली, दर असा ठेवा की मोड कमी लागेल. दोनशे ठेवा नाहीतर तीनशे, दोनशे सत्तर नको. दुसरी, सकाळी गल्ल्यात पाचशे-सातशे रुपयांची चिल्लर आणि लहान नोटा वेगळ्या ठेवा. तिला विक्रीत धरू नका, ती हातशिल्लक आहे. संध्याकाळी तेवढीच बाजूला काढा आणि मग हिशोब करा. तिसरी, नाणी साचली तर शंभर-शंभराच्या पुड्या करून बँकेत न्या आणि तिथे कोणी "नंतर या" म्हणालं तर नम्रपणे शाखा व्यवस्थापकाला भेटा. चौथी, काय काय चालतं हे गाडीला पाणी लावायच्या आधी दिसेल असं पाटीवर लिहा. धुऊन झाल्यावर सांगू नका.

आणि एक गोष्ट हिशोबात न येणारी. पूर्वी गाडी धुतल्यावर सुट्यातले दहा रुपये पोराच्या हातावर ठेवायची पद्धत होती. मी त्याला विचारलं, "आजकल कोई देता है?" तो म्हणाला, "अब कौन देता है बाबूजी, सब स्कैन करके चले जाते हैं." स्कॅन केलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात. ओल्या पायांनी दिवसभर उभ्या असलेल्या पोराचं खातं त्या कागदावर नाही. मालकानं नाकारलेल्या नाण्यांतलं एक मी त्याच्या हातावर ठेवलं. ते मात्र त्यानं घेतलं, खिशात टाकलं आणि हसला. म्हणजे नाणं चालतं!

दोष एकट्या दुकानदारांचाही नाही. त्या दिवशी घरी येऊन मी आमचा डबा उघडला. देवघराशेजारचा बिस्किटांचा डबा. किती वर्षांची चिल्लर त्यात पडून होती कोण जाणे. नातवाला मोजायला बसवलं. सहाशे त्रेचाळीस रुपये निघाले. बाजारात चिल्लर नाही म्हणून ओरडणारा मी, आणि सहाशे त्रेचाळीस रुपये डब्यात कोंडून बसलेलाही मीच.

पुढच्या रविवारी सहाशेची नाणी पुड्या बांधून त्याच मालकाकडे नेली. म्हणालो, "ही घ्या, तुमच्या गल्ल्यासाठी. मला फोनवर पाठवा." तो थोडा बिचकला, पण घेतली. मोजून घेतली आणि सहाशे माझ्या खात्यात पाठवले. माझे आधीचे अडीचशे अजून त्याच्याकडे आहेत, ते मी ठेव म्हणून सोडून दिले आहेत, पुढच्या चिखलासाठी. पाटी मात्र अजून बदललेली नाही. आता गेलो की पुन्हा विषय काढीन.

मंडळी, तुमच्याही घरी असा डबा असेल. ह्या रविवारी तो रिकामा करा. ओळखीच्या किराणावाल्याला, भाजीवालीला, ऑटोवाल्याला सुटे द्या आणि दहाचं नाणं कोणी दिलं तर नाही म्हणू नका. किती निघाले ते खाली जरूर लिहा. आमच्या सौ.चं म्हणणं आहे की आमच्यापेक्षा जास्त कोणाकडेच निघणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, बालाघाट