रस्ता खोदलाय तोवरच बोला

आमच्या समोर नवी टाउनशिप होतेय. उद्या प्रत्येक गॅलरीत एसीचं युनिट लटकणार आणि घरातली गरमी आपल्याच गल्लीत ओतणार.

आइसलँडच्या रेक्याविकमध्ये जमिनीतलं गरम पाणी पाइपने घरोघर जातं. सुरुवात झाली १९३० साली. आपल्याला हवाय गारवा. तोही असाच देता येतो: एकच मोठा प्लांट आणि रस्त्याखालून थंड पाण्याचे पाइप. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत हे चालू आहे.

सुरुवातीचा खर्च मोठा आहे, मान्य. पण इमारती उभ्या राहिल्यावर पुन्हा कोण खोदणार? महापालिकेने परवानगी देतानाच हे विचारावं. बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो, वीजबिल मात्र आपण वर्षानुवर्षं भरतो. बुकिंग करताय ना? मग तुम्हीही विचारा.