सरासरीत हरवलेले पालम

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजारोहण होते, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचे स्मरण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि मग शासनाच्या घोषणा होतात. 2023 साली मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता होत असताना छत्रपती संभाजीनगर येथे राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली व 45 हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची कामे जाहीर झाली. 2016 सालीही याच शहरात अशीच बैठक होऊन मोठमोठे आकडे जाहीर झाले होते. घोषणा कोणाच्या सरकारने केल्या, हा येथे मुद्दा नाही. त्या रकमेतील किती रुपये परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यात पोहोचले, हे तेथील शेतकऱ्याला कोठे वाचावयास मिळेल, हा मुद्दा आहे.

संत जनाबाईंच्या गंगाखेडहून लोह्याकडे निघाले की वाटेत पालम लागते. गोदाकाठचा हा मुलूख. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर गंगाखेड गाठावे लागते. रोजगार देणारी कारखानदारी नाममात्र. त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की वाड्या-तांड्यांवरील कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि शिकलेला तरुण पुण्याच्या बसमध्ये बसतो. महाराष्ट्र हे देशातील अग्रगण्य औद्योगिक राज्य आहे, हे वाक्य पालमच्या शाळेतील मुलेही पाठ करतात. मात्र त्या प्रगतीशी त्यांच्या घराचा संबंध येतो तो मुख्यतः स्थलांतराच्या रूपाने.

हे दैन्य निसर्गाने दिलेले नाही. देश 1947 साली स्वतंत्र झाला, तरी निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त होण्यास 17 सप्टेंबर 1948 उजाडावे लागले. शिक्षण, उद्योग, पाटबंधारे या प्रत्येक क्षेत्रात तो मुंबई इलाख्याच्या मागे होता. म्हणूनच 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने मराठवाड्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे आणि त्याविषयीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचे अभिवचन दिले. 1956 साली घटनेच्या कलम 371(2) ने विकास मंडळांची व त्यांच्या वार्षिक अहवालाची तरतूद केली. प्रत्यक्षात ती मंडळे स्थापन होण्यास 1994 साल उजाडले. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. पण मधल्या काळात कराराने व घटनेने सांगितलेला हिशेब थांबला, याची खंत किती जणांना वाटली?

अनुशेष मोजला गेलाच नाही, असे नव्हे. दांडेकर समितीने 1984 साली राज्याचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये ठरविला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 751 कोटींचा होता. निर्देशांक व अनुशेष समितीच्या मोजणीनंतर 1 एप्रिल 1994 चा अनुशेष सुमारे 14 हजार कोटींवर गेला आणि मराठवाड्याचा वाटा चार हजार कोटींवर पोहोचला. दहा वर्षांत अनुशेष घटण्याऐवजी वाढला! 2013 च्या केळकर समितीच्या अहवालानुसार मराठवाड्याचे दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते. या समितीला तालुका हा घटक धरून विचार करण्यास सांगितले होते, ही बाब महत्त्वाची आहे. जिल्ह्याची सरासरी काढली की एखाद्या सधन तालुक्याच्या आड दुर्बल तालुका दडतो आणि विभागाची सरासरी काढली की संपूर्ण जिल्हाच दडतो.

आज हेच घडत आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात मोठी गुंतवणूक येत आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु तो आकडा मराठवाड्याच्या नावे मांडला जातो, तेव्हा पालमही उगाचच श्रीमंत ठरते. पाण्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. जायकवाडीत नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून हक्काचे पाणी यावे, म्हणून मराठवाडा 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याचा आधार घेऊन न्यायालयापर्यंत लढला आणि ती लढाई न्याय्य होती. पण पालम तालुक्यातील डिग्रस बंधाऱ्यात अडलेले गोदावरीचे पाणी टंचाईच्या काळात खाली विष्णुपुरीकडे सोडले जाते, तेव्हा काठावरच्या शेतकऱ्याचा विरोध कोण ऐकतो? नांदेडची तहान खरी आहे आणि पालमचे पीकही खरे आहे. समन्यायी वाटपाचे तत्त्व पैठणपर्यंत लागू आणि पुढे लागू नाही, असे कसे चालेल?

दोष केवळ मुंबई-पुण्याच्या माथी मारणे सोपे आहे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले. तरीही गोदावरी खोऱ्यातून जाणारी, 1900 च्या सुमारास सुरू झालेली मीटरगेज रेल्वे रुंद होण्यास शतकाचा शेवट उजाडला आणि छत्रपती संभाजीनगर-परभणी मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती जुलै 2025 मध्ये. सत्तेत माणूस असणे आणि सत्तेतून काम करून घेणे यांत अंतर असते. सावध लोकमतच ते अंतर कमी करू शकते.

1990 साली जर्मनीचे एकीकरण झाले, तेव्हा मागे पडलेल्या पूर्व भागाच्या उभारणीचा भार देशाने उचलला. 1991 पासून त्यासाठी नागरिकांवर अधिभार बसविण्यात आला. तेथील दरी आजही पूर्णपणे बुजलेली नाही. पण मागे राहिलेल्या बांधवांना बरोबर आणणे ही राष्ट्राच्या एकात्मतेची किंमत आहे, हे त्या समाजाने मान्य केले. आपल्याकडे मात्र मराठवाड्याचा वाटा मागितला की ती प्रादेशिकता ठरते. वास्तविक तो दानाचा नव्हे, दिलेल्या वचनाचा प्रश्न आहे. नकाशावरच्या सीमा जुळल्याने राष्ट्र एक होत नाही. पालमच्या मुलाला आणि पुण्याच्या मुलाला समान संधी मिळते, तेव्हा ते एक होते.

म्हणूनच मागणी मोठ्या रकमेची नव्हे, चोख हिशेबाची हवी. मंडळ असो वा नसो, जाहीर झालेला, मिळालेला आणि प्रत्यक्ष खर्च झालेला निधी, भिजलेले क्षेत्र आणि हंगामी स्थलांतराची संख्या यांचा तालुकानिहाय अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. समाजानेही आपला वाटा उचलावा. ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या मुलांचे हंगामी वसतिगृह नीट चालते का, गावच्या नाल्याचे खोलीकरण कागदावर झाले की जमिनीवर, हे पाहण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही. जागरूक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्याची अशी एक वही ठेवली, तर पुढच्या 17 सप्टेंबरला नव्या घोषणा ऐकण्याआधी जुन्यांचा जाब विचारता येईल. मुक्तिसंग्रामात सामान्य माणूस निर्भयपणे उभा राहिला, म्हणून मराठवाडा मुक्त झाला. आता त्याच सामान्य माणसाने हिशेब मागण्यासाठी उभे राहिले पाहिजे.