टॅब मारा, मग एंटर!

काळ्या स्क्रीनवर कमांड देणाऱ्या मंडळींचे दोन प्रकार. एक, फाइलचं लांबलचक नाव अक्षर-अक्षर टाइप करणारे. दुसरे, तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबणारे. मी दुसऱ्या पार्टीतला! लोकांना वाटतं, हा आळशीपणा. असेलही थोडा. पण माझं खरं कारण आहे सेफ्टी.

बघा ना, शेलमध्ये 'आरएम' कमांडनं उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. समजा, तुम्हाला 'फायनल रिपोर्ट' ही फाइल उडवायचीय. नाव तसंच टाइप केलंत तर मधल्या स्पेसमुळे शेलला त्या दोन फाइली वाटतात. शेजारी नुसती 'रिपोर्ट' नावाची फाइल असली, तर तीच उडणार! टॅब मात्र स्पेसआधी बॅकस्लॅश स्वतःच टाकतो. आणि टॅब दाबूनही नाव पुढे सरकलंच नाही, तर बहुतेक तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये आहात. फुकटात चेकिंग, राव!

आयडिया तशी जुनी. १९७०च्या दशकातल्या टेनेक्स सिस्टिममध्ये ती होती. टीसीएसएच शेलमधला 'टी' तिथूनच आला. १९८९ मध्ये आलेल्या बॅशला फाइलींची नावं पूर्ण करता यायची. २००० मधल्या २.०४ व्हर्जनपासून कुठल्या कमांडपुढे काय सुचवायचं, हेही त्याला शिकवता येऊ लागलं.

तेच शिकवून ठेवलेलं पॅकेज म्हणजे 'बॅश-कम्प्लीशन'. उबुंटूवर नसेल तर 'एपीटी'नं टाका आणि नवी टर्मिनल विंडो उघडा. मग गिटच्या ब्रँचेसची नावंही टॅबवर येतात. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या युजरला झेडएसएच शेल मिळतो. तिथे होम फोल्डरमधल्या 'डॉट झेडएसएचआरसी' फाइलमध्ये दोन ओळी लिहा : 'ऑटोलोड कॉम्पइनिट' आणि खाली नुसतं 'कॉम्पइनिट'. झालं!

एकच सांभाळा. दोन नावांची सुरुवात सारखी असेल, तर बॅशमध्ये टॅब मध्येच थांबतो. पुन्हा दाबा, यादी दिसेल; पुढचं अक्षर तुम्हीच द्यायचं. फाइल कुठली, हे टॅब ठरवत नाही. तेव्हा एंटरआधी ओळ एकदा वाचाच.

सोमवारी मशीन सुरू केलंत की पाच मिनिटं एवढंच करा. चहा नंतर!