एआय वापराचा अहवाल : आरसा की हजेरीपट?

गेल्या महिन्यात आमच्या टीमच्या बैठकीत पडद्यावर एक यादी झळकली. एआयकडून कोड लिहून घेण्यात कोण पुढं आणि कोण मागं, याची. पहिल्या क्रमांकाच्या सहकाऱ्यासाठी टाळ्या वाजल्या. सर्वात खाली जिचं नाव होतं, ती मान खाली घालून बसली. त्याच महिन्यात ग्राहकांची बिलं चुकीची निघत होती आणि कुणालाच कारण सापडत नव्हतं. तिनं आठवडाभर जुना कोड वाचून मूळ शोधलं आणि दुरुस्ती केली. दुरुस्ती होती चार ओळींची. यादीत त्या चार ओळींना जागाच नव्हती.

माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. वापराच्या अहवालाबद्दलही नाही, उलट तो प्रत्येकानं वाचावा असं माझं मत आहे. वाद एवढाच आहे, की तो कुणी वाचायचा आणि कशासाठी.

आधी हे अहवाल काय असतात ते पाहू. ‘क्लॉड कोड’सारखं साधन आपल्यासोबतचे संवाद आपल्याच संगणकावर साठवून ठेवतं. त्यात ‘इनसाइट्स’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की अलीकडचे संवाद तपासून एक अहवाल तयार होतो. कोणत्या कामांत वेळ गेला, काय जमलं, कुठं अडलं, काय बदलता येईल, असं त्यात असतं. तो ब्राउझरमध्ये उघडून निवांत वाचता येतो.

मी माझा वाचला आणि ओशाळलो. डेटाबेसच्या जुन्या फाइलींना हात लावू नकोस, हे मी यंत्राला पुन्हा पुन्हा सांगत होतो; पण प्रकल्पाच्या सूचनांच्या फाइलीत ते एकदाही लिहिलं नव्हतं. ती एक ओळ लिहिली आणि कटकट संपली. दुसरं, एरर काय आली हे न देता मी नुसतंच ‘हे चालत नाही, दुरुस्त कर’ म्हणत होतो. मग यंत्र अंदाजानं भलतीकडेच कोड बदलायचं, मी चिडून मध्येच थांबवायचो. आता आधी चूक पकडणारी टेस्ट लिहून घेतो, ती नापास होताना पाहतो, मगच दुरुस्तीला लावतो. तिसरं, दोन दिवस एकच संवाद ताणत त्यात चार वेगळी कामं कोंबत होतो. पहिल्या कामाचा गाळ चौथ्या कामात उतरायचा. आता नवं काम म्हणजे नवा संवाद.

या तिन्ही माझ्या चुका होत्या. त्या मी मान्य करू शकलो, कारण अहवाल वाचणारा मी एकटाच होतो. हाच अहवाल साहेबांच्या टेबलावर जाणार असता, तर मी वेगळा वागलो असतो आणि तुम्हीही वागला असता.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात जे मांडलं, त्याचं सार असं : एखाद्या मोजमापावरून नियंत्रण करायला गेलं, की त्या मोजमापाचा भरवसा उरत नाही. टोकनच्या आकड्यावर टाळ्या मिळत असतील तर लोक टोकन जाळतील. दोन ओळींचा बदल स्वतः करण्याऐवजी यंत्राला तीनदा विचारतील. आणि नुकतेच नोकरीला लागलेले तरुण? ते भाबडे प्रश्न विचारणं सोडून देतील किंवा घरच्या खात्यावरून विचारतील. म्हणजे कंपनीचा कोड बाहेर गेला, तरुणाचं शिकणं थांबलं आणि डॅशबोर्ड मात्र हिरवागार!

हे काल्पनिक भय नाही. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ आणला, तेव्हा त्यात कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती नावानिशी व्यवस्थापनाला दिसू शकत होती. ही पाळत आहे अशी टीका झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीला नावं काढून टाकण्याची घोषणा करावी लागली. तेव्हा प्रश्न ईमेल आणि बैठकींच्या मोजणीचा होता. आता प्रश्न त्या संवादांचा आहे, ज्यांत माणूस ‘मला हे समजत नाही’ असं लिहितो.

‘पैसे कंपनी मोजते, मग तिनं पाहू नये?’ असं विचारलं जाईल. जरूर पाहावं. बिल पाहावं, टीमचा एकूण खर्च पाहावा, सुरक्षेच्या कारणासाठी आधी सांगून तपासणीही करावी. पण दिव्याचं बिल भरणारा दिव्याखाली लिहिलेल्या डायरीवर हक्क सांगत नाही.

आता दुसरं भांडण, माझ्याच सहकाऱ्यांशी. ‘मी कसं काम करतो ते मला ठाऊक आहे, अहवाल कशाला?’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ‘मीटर’ या संशोधन संस्थेचा जुलै २०२५ चा अभ्यास पाहावा. १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामर, २४६ कामं. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला; काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं, की आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला. माणसं थोडी होती आणि साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची, म्हणून यावरून एआय निरुपयोगी ठरत नाही. पण स्वतःच्या वेगाचा आपला अंदाज किती फसवा असतो, हे त्यातून दिसतं. आपली सवय आपल्याला दिसत नाही, म्हणूनच ती सवय असते.

मात्र अहवालही डोळे मिटून मानू नये. तो यंत्रानंच लिहिलेला असतो आणि त्याला फक्त संवाद ठाऊक असतो. मी रात्री अकरा वाजता ‘ठीक आहे, चालेल’ लिहून संगणक बंद केला, तर त्याच्या लेखी काम फत्ते. मी समाधानी होतो की थकलो होतो, हे त्याला कसं कळणार? तो कोड महिन्याभरानं ग्राहकाकडे कोसळला, तर ते त्या संवादात कुठून येणार? म्हणून अहवालाशेजारी कोडचा इतिहासही उघडून बसावं. ज्याला ‘यश’ म्हटलंय, त्यातलं किती पुढच्या पंधरवड्यात आपणच पुसलं, ते मोजावं. खरा ताळेबंद तिथं लागतो.

मागणी साधी आहे. व्यक्तीचा अहवाल व्यक्तीच्या संगणकावर राहू द्या. बैठकीत क्रमवारी लावण्याऐवजी ‘या महिन्यात कोणती सवय बदलली?’ एवढं विचारा. ज्याला सांगायचं आहे तो सांगेल आणि बाकीचे त्यातून शिकतील. टीमचं मोजायचंच असेल, तर ग्राहकाकडून परत आलेल्या चुका मोजा.

पुढच्या बैठकीत ती यादी पुन्हा लागली, तर मी उभा राहून एकच विचारणार आहे : त्या चार ओळी कोणत्या रकान्यात धरल्या?