पलीकडे कुणीच नसलेला फोन

फोन वाजतो. आपण उचलून दोनदा 'हॅलो' म्हणतो. पलीकडे शांतता, आणि मग फोन बंद. आपण नेटवर्कला दोष देतो. पण अनेकदा ही करामत ऑटोडायलरची असते, आणि तो डायलर कुणीतरी पैसे मोजून, विचार करून निवडलेला असतो.

डायलर मुख्यतः तीन प्रकारचे. प्रिव्ह्यू डायलर एजंटला आधी ग्राहकाची माहिती दाखवतो, मग नंबर लावतो. प्रोग्रेसिव्ह डायलर एजंट मोकळा झाला की त्याच्यासाठी एक नंबर लावतो. प्रेडिक्टिव्ह डायलर अंदाज बांधतो : किती जण फोन उचलतील, चालू संभाषणे कधी संपतील. त्यानुसार तो मोकळ्या एजंटांपेक्षा जास्त नंबर लावतो. अंदाज चुकला, की फोन उचलणाऱ्याशी बोलायला माणूसच नसतो.

विक्रेते सांगतात, एजंटचा वेळ वाचेल. माझ्या मते तो वाचत नाही, दुसऱ्याच्या माथी मारला जातो. एजंटऐवजी ताटकळते ती पोळ्या लाटता लाटता धावत आलेली बाई, किंवा दवाखान्यातून फोन येईल म्हणून डोळे लावून बसलेला मुलगा. हा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये दिसत नाही. शिवाय दोन फोनमधले ते रिकामे क्षण म्हणजे दिवसभर नकार ऐकणाऱ्या एजंटला मिळणारी उसंत असते, हेही विसरले जाते.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००३ साली नियम केला : ग्राहकाच्या 'हॅलो'नंतर दोन सेकंदांत माणूस बोलला नाही, तर तो फोन सोडून दिलेला धरायचा, आणि असे फोन उचललेल्या फोनच्या ३ टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. आपल्याकडे 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमावलीनुसार ऑटोडायलर वापरण्याआधी दूरसंचार कंपनीला कळवणे बंधनकारक आहे.

म्हणून डायलर घेणाऱ्याने 'तासाला किती फोन लागतील?' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : सोडून दिलेल्या फोनची टक्केवारी रोज दिसते का? तिच्यावर मर्यादा घालता येते का? 'डीएनडी'तले नंबर आपोआप वगळले जातात का? पाच-सात एजंट असतील तर प्रोग्रेसिव्हच बरा. इतक्या कमी माणसांवर प्रेडिक्टिव्हचा अंदाज सारखा चुकतो.

ज्याच्याकडून गिऱ्हाईक व्हायची अपेक्षा आहे, त्याचा फोन वाजवायचा तर निदान बोलायला माणूस हजर हवा.