किरकोळ मजकुराची कैफियत

समाजातील विचारी म्हणविणाऱ्या मंडळींचा अलीकडे एक आवडता आक्षेप असा आहे की, मोबाईलवरील मित्रमंडळींच्या गटांत अहोरात्र जे संभाषण चालते ते इतके क्षुल्लक आणि इतके पुनरुक्त असते की, एवढे समर्थ साधन हाती आले असता मनुष्याने त्याचा विनियोग ‘जेवलास का’, ‘झोप झाली का’ आणि ‘ही साडी कुठून घेतलीस’ एवढ्याच पृच्छांसाठी करावा, हे बुद्धीचे दारिद्र्य होय. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. आणि तो खोडून काढण्यास धाराशिव जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी मला दुसरी दिसत नाही.

ज्या जिल्ह्याची अधिष्ठात्री देवताच वर्षातून तीन वेळा शयन करते, तेथे झोपेच्या वार्तेस किरकोळ म्हणणे धाडसाचे आहे. तुळजापूरची भवानी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोर निद्रेत असते. विजयादशमीचे सीमोल्लंघन आटोपले की कोजागरीपर्यंत तिची श्रमनिद्रा चालते. आणि पौषात, शाकंभरी नवरात्रापूर्वी, मोहनिद्रा येते. मूर्ती चल असल्यामुळे हे शयन केवळ कल्पनेपुरते राहत नाही. ती सिंहासनावरून उचलून खरोखरीच पलंगावर निजविली जाते, सीमोल्लंघनास नेताना तिला साड्यांचे दिंड गुंडाळले जाते, आणि नवरात्रात आज कोणता अलंकार मांडला, मुरली की शेषशायी, ही बातमी गावोगावच्या आयाबाया एकमेकींना तत्परतेने कळवितात. आई निजली का, आई उठली का, आज काय नेसली, या तीन प्रश्नांवर ज्या प्रदेशातील भक्तीचा एवढा मोठा व्यवहार उभा आहे, तेथील माणसांनी हेच प्रश्न एकमेकांस विचारले तर त्यांना कोणत्या तोंडाने हसावे?

शिवाय निद्रा हा विषय या जिल्ह्यात केवळ देवळापुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला त्याचे नाव जरी शेजारच्या किल्लारीवरून रूढ झाले असले, तरी सास्तूर आणि आसपासची या जिल्ह्यातील गावेही त्यात जमीनदोस्त झाली. आणि ज्या जाड दगडमातीच्या भिंती व जी माळवदे उन्हाळ्यात गारवा देत, तीच निजलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर कित्येकांनी दीर्घकाळ छपराखाली अंग टाकले नाही. त्या पट्ट्यातील मनुष्य आपल्या मित्रास ‘रात्री झोप लागली का’ असे विचारतो तेव्हा तो निव्वळ उपचार पाळीत असतो, असे मानण्यास मी तयार नाही.

आणि भूकंपाची गोष्ट जुनी म्हणून बाजूस ठेवली, तरी विजेची गोष्ट आजची आहे. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री, असा जो शिरस्ता पडला, त्याने कुणबी माणसाच्या निद्रेचे वेळापत्रक त्याच्या हातून काढून महावितरणाच्या दप्तरी जमा केले. मध्यरात्री दारे धरण्यास गेलेला शेतकरी, बॅटरीचा उजेड पाण्याच्या दंडावर धरून, दुसऱ्या हाताने पुण्यात रात्रपाळी करणाऱ्या वर्गमित्रास लिहितो, ‘काय करायलास?’ आणि उत्तर येते, ‘जागाच हाय. लाईट रातचीच हाय का अजून?’ या दोन ओळींत सिंचन आहे, स्थलांतर आहे, रोजगार आहे, वीजपुरवठ्याचे संपूर्ण राजकारण आहे. आणि यांपैकी एकही शब्द त्या दोघांनी उच्चारलेला नाही. विधिमंडळातील एखाद्या तासाभराच्या भाषणात मला इतका मजकूर क्वचित आढळला आहे.

वस्त्रांविषयीही हेच. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या सागरी व्यापाराच्या टिपणांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगराचा, म्हणजे आजच्या तेर गावाचा, उल्लेख केला आहे. आणि केला आहे तो तेथील कापडाकरिता, गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाणाऱ्या जाड्याभरड्या आणि मलमली तलम कापडाकरिता. म्हणजे जगाच्या दप्तरात या जिल्ह्याची नोंद प्रथम वस्त्रांच्या निमित्ताने झाली. त्यानंतर दोन सहस्र वर्षे उलटून, तेरच्याच एखाद्या लेकीने लग्नाच्या खरेदीतील इरकलीचे छायाचित्र मैत्रिणींकडे पाठवून ‘काठ बरा आहे का’ असे विचारले, तर तो काही अधःपात नव्हे. ती इरकल पुढे जुनी होईल, विरेल, आणि मग आजीच्या दोऱ्याखाली वाकळीत शिवली जाईल. नेसणे आणि निजणे यांतील अंतर आमच्या घरांत एवढेच असते. वाकळ अंगावर घेऊन कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे बोटाने दाखवीत झोपी जाणाऱ्या मुलांना कुळाची वंशावळ निराळी पाठ करावी लागली नाही.

कोणी म्हणेल, असल्या मजकुरास वाङ्मयीन प्रतिष्ठा काय? त्यास माझे उत्तर असे की, मराठी गद्याचा आरंभच मुळी असल्या मजकुरातून झाला. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने शिष्याशिष्याकडे जाऊन ज्या आठवणी गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्यात तत्त्वज्ञान आहेच. परंतु स्वामींनी कोठे आरोगणा केली, पहुड केव्हा झाला, कोण भेटावयास आले आणि काय घेऊन आले, हेही त्याने त्याच निष्ठेने टिपले. जे इतरांस किरकोळ वाटते ते प्रेमाच्या माणसास किरकोळ वाटत नाही, एवढी साधी गोष्ट त्या गृहस्थास ठाऊक होती. उलट निजामी अमदानीतील दप्तरे उलगडली तर जमाबंदी सापडते, वतनांचे वाद सापडतात. पण त्या जमिनी कसणारी बाई काय नेसत होती आणि तिला पुरेशी झोप मिळत होती की नाही, याची नोंद करण्याची तजवीज कोणत्याही तहसीलदाराने केलेली नव्हती. ती कैफियत तिने स्वतःच जात्यावर घातली. आणि हेमा राईरकर व गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील गावांमधून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर तीही पिठाबरोबर उडून गेली असती.

माझी तक्रार आहे ती भलत्याच मजकुराविषयी. या गटांत खरोखर निरर्थक काही असेल तर ते पहाटेपासून येऊन पडणारे सुविचार. कमळावर दवबिंदू, मागे सूर्योदय, आणि खाली कोणा थोर पुरुषाच्या नावावर खपविलेले, त्याने कधीही न उच्चारलेले वचन. पाठविणाऱ्याने ते लिहिलेले नसते, बहुधा वाचलेलेही नसते. त्यात त्याचे गाव नसते, त्याची प्रकृती नसते, त्याची कालची रात्र नसते. आणि विनोद असा की, ‘किरकोळ गप्पा मारू नका’ असा हुकूम गटात जो वडीलधारा सोडतो, तोच हा माल सर्वांत अधिक पुरवितो.

रात्री दोन वाजता ‘झोपलास का’ असे विचारणाराच मित्राची झोप मोडीत असतो, हा दोष मी नाकारीत नाही. त्यावर उपाय फोन दूर ठेवणे हाच, आणि तो प्रत्येकाने आपल्यापुरता करावा. साडीच्या कौतुकात मत्सराचा अंशही असतो. तो विहिरीवर नव्हता असे पाणी भरणाऱ्या बायांनी तरी कधी म्हटलेले मी ऐकले नाही.

मात्र एक गोष्ट चिंतेची आहे. सुविचारांच्या चित्रांनी मोबाईलची जागा भरली की माणसे वैतागून संपूर्ण गटच साफ करतात. आणि मग पाण्याच्या दंडावरील मध्यरात्रीच्या त्या दोन ओळी, इरकलीच्या काठाविषयी झालेली तासाभराची चर्चा, आजारी आईस अखेर पहाटे डोळा लागल्याची बातमी, हे सर्व त्या कमळांबरोबर नष्ट होते. ज्यांच्या घरी थोडे संगणकज्ञान असलेली मुले आहेत त्यांनी सुटीत बसून, गटातील सर्वांची संमती घेऊन, हा मजकूर निराळा काढून ठेवण्यास सांगावे. काम फार तर एका दुपारचे आहे, आणि पुसण्याजोगे काय आहे हे मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.