निवृत्तीनंतर चालावे, पण बेताबेताने

दरवर्षी आपल्या शाळेच्या परिवारातील दोन-चार मंडळी निवृत्त होतात. शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात आणि सत्काराला उत्तर देताना हमखास एक घोषणा होते, 'उद्यापासून रोज सकाळी कमाटीबाग!' संकल्प उत्तमच. पण पंधरा दिवसांनी चौकशी करावी, तर कुणाचा गुडघा सुजलेला असतो, कुणाची टाच धरलेली असते आणि नवे बूट खोक्यात परत गेलेले असतात. आम्हा निवृत्त शिक्षकांचे मत असे, की येथे दोष इच्छाशक्तीचा नसतो, घाईचा असतो.

इतकी वर्षे फळ्यासमोर उभे राहिलो, तेव्हा पायांना सवय आहे, असे आपण धरून चालतो. परंतु उभे राहणे निराळे आणि सलग तासभर चालणे निराळे. शिवाय दम लवकर वाढतो. सांधे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे बंध मात्र सावकाश बळकट होतात. म्हणून छाती 'चल' म्हणते आणि गुडघा 'थांब' म्हणतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. आपल्यावर गुडघ्याला पट्टा बांधायची पाळी येते. बडोदे हे प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे गाव. आखाड्यात नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला कोणी लावत नाही. मग साठीच्या माणसाने स्वतःवर ही सक्ती का करावी?

मोबाइलवरचा दहा हजार पावलांचा आकडाही पुष्कळांना धास्ती घालतो. तो कोणत्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावातून तो रूढ झाला. उलट अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७,००० स्त्रिया होत्या. त्यात रोज २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले; ७,५०० च्या पुढे जादा लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचवते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही तुकड्यातुकड्यांनी चालतो.

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. पहिल्या आठवड्यात घराजवळच्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालावे. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. पाचव्या आठवड्यात अर्धा तास आपोआप होतो. आधी वेळ वाढवावा, वेग मागाहून. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले, तर वेग कमी करावा. आजारपणात किंवा लग्नकार्यात खंड पडला, तर एक पायरी मागे येऊन पुन्हा आरंभ करावा. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दाब, भोवळ किंवा अवाजवी धाप जाणवल्यास तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. चपला नकोत, बूट हवेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सातच्या आत घरी परतावे. आणि रविवारच्या फेरीनंतरची सेव-उसळ हा चालण्याचा भाग नव्हे, हेही नम्रपणे नमूद करतो!

१८७९ पासूनची सयाजीबाग हे आपल्या गावाचे भूषण आहे. परंतु आपली कुटुंबे आता दांडिया बाजार, रावपुरा सोडून मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडपर्यंत पांगली आहेत. बागेपर्यंत रिक्षा करावी लागली, की चार दिवसांत उत्साह मावळतो. रस्त्यावर चालावे, तर वाहने, कुत्री आणि उखडलेल्या फरशा. यात सर्वांत मागे राहतात त्या आपल्या भगिनी. नोकरीतून निवृत्ती मिळते, स्वयंपाकघरातून मिळत नाही. सकाळचा वेळ नातवंडांच्या डब्यांत जातो आणि संध्याकाळी एकटीने कुठे जावे, हा प्रश्न उरतो.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापक मंडळाला आमची विनंती आहे. सकाळी शाळा भरण्यापूर्वी एक तास आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक तास मैदान ज्येष्ठ माजी शिक्षक, माजी विद्यार्थी आणि पालकांसाठी उघडे ठेवावे. जमीन सपाट आहे, फाटक आहे, पाण्याचा नळ आहे, बसायला ओटा आहे. फाटक उघडण्याची आणि लावण्याची जबाबदारी आम्ही पाळीपाळीने घेऊ; मुलांच्या खेळाच्या वेळेला धक्का लागू देणार नाही. नातवाला आणायला आलेल्या आजी तिथेच थांबून दोन फेऱ्या मारतील. बोलायला ओळखीची माणसे भेटतील. नुसत्या निश्चयापेक्षा सोबत अधिक दिवस टिकते.

ज्या मैदानावर आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना कवायत शिकवली, तिथे आता आपणही दहा मिनिटांपासून सुरुवात करू या. मंडळाने येत्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.